बाकी एक

दुपारचे चार म्हणजे थेंबांची वेळ. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता, मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन दहाबारा दिवसांसाठी सांगलीला आले होते, आणि दर दोन तासांनी मीटिंग म्यूट करून त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायचे एवढंच काम होतं. काळा गॉगल लावून ते खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेले, वाचायचं नाही, टीव्ही नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, म्हणजे अण्णांसारख्या माणसाला काळ्या पाण्याचीच शिक्षा. मी थेंब टाकला, डोळा मिटून ठेवा म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा फोन टिंग वाजला. "बघ गं कुणाचाय." सोसायटीच्या ॲपचा होता. मी काही विचार न करता, आपण वाचतो तसं सरळ वाचत गेले. प्रिय सभासद, आपली मेंटेनन्सची थकबाकी रुपये दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस आणि सत्तेचाळीस पैसे, कृपया त्वरित भरावी. स्वयंपाकघरातून आईचं भांडं वाजायचं थांबलं. मी हसायला लागले. अण्णा हसले नाहीत. डोळे मिटलेलेच, थेंबाचं पाणी गालावर आलेलं, आणि म्हणतात, "सत्तेचाळीस पैसे कुठनं आले?"

दोन कोटींचं काही नाही. सत्तेचाळीस पैशांचं पडलंय.

मला तो आकडा बघताक्षणी ओळखू आला होता. पैशांत लिहिला की २१४७४८३६४७. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चौदा वर्षं काढलेल्या माणसाला हा आकडा म्हणजे शेजारच्या बाईसारखा, रोज दिसतो, रोज हाय हॅलो होतं, नाव विचारलेलं नसतं. कुठलाही नवा फॉर्म आला की वयाच्या, रकमेच्या, नगांच्या रकान्यात हा टाकून बघायचा, मग याच्यात एक मिळवून बघायचा, आणि सिस्टीम रडते का बघायची. कॉम्प्युटरच्या ३२ बिटांच्या डब्यात एक घर प्लस-मायनसला जातं, उरलेली ३१ घरं सगळी भरली की हा आकडा होतो, याच्यापुढे त्या डब्यात मावत नाही. कुणीतरी व्याजाच्या हिशोबात शून्याने भागलं असणार, उत्तर आलं अनंत, अनंत डब्यात कोंबलं तर मावेल तेवढंच मावणार, काही भाषांमध्ये हे अस्संच होतं. म्हणून मी म्हणाले, "काही नाही हो अण्णा, बग आहे. उद्या दुरुस्त करतील." आणि मीटिंगला परत गेले.

"बग असला तरी रक्कम कशाची तरी असते की," ते मागून म्हणाले, मला नाही, खिडकीला.

अण्णा अडतीस वर्षं हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी होते. आमच्या लहानपणी ते घरी आले की आधी वास यायचा, मग ते. शर्टाच्या कॉलरला, पैशाच्या पाकिटाला, घड्याळाच्या पट्ट्याला हळद, आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायमची पिवळी, आई म्हणायची यांचं लग्नच उतरलं नाही अजून. पेढीवर दिवसभर तोलाई, हमाली, अडत, पट्ट्या, शेतकऱ्यांच्या उचली, आणि संध्याकाळी रोजमेळ. रोजमेळ जुळला नाही तर घरी यायचं नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम, शेठ जा म्हणाले तरी. एका दिवाळीत, मी सातवी-आठवीत असेन, आम्ही फराळाचं ताट घेऊन पेढीवर गेलो कारण सत्तावीस रुपयांचा फरक येत होता आणि अण्णा काही उठेनात. मी म्हणाले सत्तावीस रुपये तुम्ही तुमच्याच खिशातले टाका ना. ते मोठ्याने हसले, आणि पिवळ्या बोटाने कागदावर लिहून दाखवलं. फरक आला की आधी तो निम्मा करून बघायचा, त्या निम्म्या रकमेची नोंद वहीत सापडली तर ती नावेच्या ऐवजी जमेला पडली असणार. मग नऊने भाग जातो का बघायचं. सत्तावीसला नऊने जातो. म्हणजे कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. कुठले उलटे? ज्यांच्यात तीनचं अंतर आहे असे. चौदाचे एक्केचाळीस, पंचवीसचे बावन्न, छत्तीसचे त्रेसष्ट. आणि मग वहीच्या पानावरून बोट खाली खाली नेत, चकलीचा तुकडा दुसऱ्या हातात, त्यांनी मला दाखवलं ते पोत्यांच्या हमालीचं खातं जिथे त्रेसष्टच्या जागी छत्तीस पडले होते. मला ते जादूसारखं वाटलं होतं. नुसत्या फरकाकडे बघून चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखायचं.

तर हा असा माणूस, आणि त्याच्यासमोर दोन कोटी चौदा लाखांची रक्कम, आणि शेवटी सत्तेचाळीस पैसे. आता त्यांचा विचार मला नीट कळतो. माणसाने चुकून टाकलेली रक्कम असती तर गोल असती, दोन शून्यं जास्त पडली वगैरे. पैसे लागलेत म्हणजे कुठल्यातरी दराने कशालातरी गुणलेलं आहे. मग ती रक्कम कशाकशाने बनलीये ते सुटं करून बघायचं, बाराने जाते का, अठराने जाते का, एकवीस टक्क्यांचं काही बसतंय का, की लागलीच चोर सापडला.

संध्याकाळी सहाचे थेंब टाकायला गेले तर ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा.

"सात त्रिक एकवीस. चारला शून्य. सात सक बेचाळीस, राहिले पाच. सात साते एकोणपन्नास, राहिले पाच..." शेवटापर्यंत गेले आणि म्हणाले, "बाकी एक." मग मान हलवली. दोनने बाकी एक, ते तर दिसतंच. तीनने बाकी एक. नऊने बाकी एक, आकड्यांची बेरीज शेहेचाळीस, चार आणि सहा दहा, म्हणजे एक. अकराने, एकाआड एक आकडे वजा करून, बाकी एक. "काय गंमत बघ," म्हणाले, "एक पैसा कमी असता ना, तर ही रक्कम दोनने, तीनने, साताने, नवाने, अकराने, सगळ्यांनी गेली असती. एका पैशाने घोळ घातलाय." पाचाने दोन उरतात, तेराने दहा, हे त्यांना आवडलं नव्हतं, ते त्यांनी जरा पडेल आवाजात सांगितलं. सोसायटीचं बिल आणि भागाकार दोन्हीकडे आपण बाकीच म्हणतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी फोनमध्ये तो आकडा टाकला. क्षणात उत्तर. मूळ संख्या. स्वतः आणि एक सोडून कशानेच भाग जात नाही. चौदा वर्षं रोज टाईप केलेला आकडा मूळ आहे हे मला माहीतच नव्हतं, कधी डोक्यातच आलं नाही की याच्याबद्दल असं काही माहिती असू शकतं. आणि मग लगेच दुसरा विचार, की उद्या सकाळी अण्णांना सांगून टाकावं, उगीच डोकं शिणवतायत.

नाही सांगितलं. आणि हेच मला अजून खातंय.

सांगण्यात काय होतं? पण मागच्या दिवाळीतलं आठवलं. अण्णा बोलत होते, दोन हजार पाचच्या पुरात पाणी जास्त चढलं होतं की एकोणीसच्या, आणि ते हळूहळू जुळवत होते, पाचला कुणाच्या दुकानाची कितवी पायरी, एकोणीसला कुठला चौक, पोती कुठल्या माळ्यावर चढवली, म्हणजे पाणी इतकं, म्हणजे कृष्णामाई अमुक फुटांवर. अर्ध्यात मी फोन पुढे केला. हे घ्या, एकोणीसला जास्त. त्यांनी बघितलं, बरं म्हणाले, आणि गप्प बसले. नंतर जेवतानाही गप्पच. माहिती बरोबर होती माझी. पण त्यांच्या तोंडातला घास मी काढून घेतला होता असं काहीतरी झालं होतं. म्हणून यावेळी गप्प बसले. पण आपल्याला उत्तर माहीत असताना बापाला आंधळी कोशिंबीर खेळू द्यायची, आणि वर रोज विचारायचं, "काय अण्णा, कुठपर्यंत आलं?", हे प्रेम की लबाडी हे मला त्या आठवड्यात दर दोन तासांनी वेगवेगळं वाटायचं.

चौथ्या दिवशी सतरा आणि एकोणीस झाले. तेवीसला पाच उरले, एकोणतीसला सात, एकतीसला पुन्हा एक, त्या एकाने ते दुपारभर खूश. पेपरवाल्याला पण सांगितलं. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं येतं, पण एकतीसच्या पुढे पाढा तिथल्या तिथे बनवावा लागतो, शिवाय दहा आकडी रक्कम डोळ्यांपुढे धरून ठेवायची, कागद नाही. मी कॅल्क्युलेटरवर गुपचूप ताळा करायचे. त्रेचाळीसला ते म्हणाले बाकी नऊ. माझ्याकडे सात येत होते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या थेंबांना, मी अजून झोपेत, बाटलीचं झाकण सापडत नाहीये, आणि ते म्हणतात, "रात्री त्रेचाळीसला चुकलो. सात पाहिजेत." आई म्हणाली डॉक्टरांनी ताण नको सांगितलाय. अण्णा म्हणाले, डोळ्याला नको सांगितलाय.

रात्री मी वाचत बसायचे. आपण ज्याला मुळात बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट म्हणून ओळखतो, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, त्यात पहिल्या ३१ घरांतल्या दाण्यांची एकूण बेरीज म्हणजे बरोबर हा आकडा. दोनाचा एकतिसावा घात वजा एक. आता गंमत अशी की तीसच घरं घेतली तर जी बेरीज येते तिला तीनने, साताने, अकराने, एकतीसने सगळ्यांनी भाग जातो. एकतीसच्या एक घर पुढे सरकून बत्तीस घेतली तर ४२९४९६७२९५, शेवटी पाचच, म्हणजे उघड्या डोळ्यांनी जातो, शिवाय तीनने, सतराने पण. मधली एकतीस घरांची बेरीज तेवढी कुणालाच दाद देत नाही. असे दोनाचा घात वजा एक करून मिळणारे मूळ आकडे म्हणजे मर्सेन मूळ संख्या, तीन, सात, एकतीस, एकशे सत्तावीस करत हा आठवा. पण घातांक मूळ असला की काम झालं असंही नाही. १६०३ साली इटलीत बोलोन्याच्या कातालदी नावाच्या गणितज्ञाने छापून टाकलं की २३, २९, ३१ आणि ३७ हे चारही घातांक चालतात. चारातलं एक लागलं, आपलं ३१ चं. तेवीसच्या वेळी सत्तेचाळीसने भागून बघितलं असतं तरी फसलंय ते कळलं असतं, आमच्या अण्णांनी दुसऱ्या दिवशीच पकडलं असतं, पण असो, खुर्चीत बसून नावं ठेवायला काय जातं.

हा आकडा मूळ आहे हे नीट सिद्ध केलं ते ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने, १७७२ साली. बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात. हे वाचताना मी मधेच थांबले, कारण ऑयलरचं १७७१ मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

मोतीबिंदूचं.

उजवा डोळा त्याचा तरुणपणीच गेला होता. सेंट पीटर्सबर्गमध्ये डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, थोडे दिवस दिसलं, आणि मग जंतुसंसर्गाने तोही डोळा जवळजवळ गेला. त्याच साली शहरात आग लागली, त्यात त्याचं घर जळालं, त्याला ओळखीच्या माणसाने उचलून बाहेर काढलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी पासष्ट वर्षांचा हा माणूस दहा आकडी संख्या मूळ आहे असं पत्रात कळवतो. मुलगा आणि शिष्य लिहून घ्यायचे, पण आकडे डोक्यात. एक अख्खं लॅटिन महाकाव्य त्याला पाठ होतं म्हणतात. मी लाईट बंद केला आणि बाहेरच्या खोलीतून येणारी अण्णांची पुटपूट ऐकत पडले, त्रेपन्न सत्ते तीनशे एकाहत्तर, त्रेपन्न सत्ते तीनशे एकाहत्तर, दोनदा म्हणायचे, खुंटीला टांगून ठेवल्यासारखं.

पण ऑयलर अण्णांसारखा भागत बसला नव्हता. म्हणजे भागलंच त्याने, पण आधी चाळण लावली. पहिली गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते, की वर्गमुळाच्या पुढे जायची गरज नाही, कारण दोन आकड्यांचा गुणाकार असेल तर त्यातला एक तरी वर्गमुळाच्या आत असणारच, इथे ते वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे. तेवढ्याने भागत नाही. शेहेचाळीस हजारांच्या आतही मूळ संख्या पावणेपाच हजारांच्या वर आहेत. ऑयलरची खरी करामत म्हणजे त्याने दाखवलं की या संख्येला जाणारा मूळ भाजक असलाच तर तो वाटेल तसा असू शकत नाही, त्याला २४८ ने भागलं तर बाकी एक तरी उरली पाहिजे नाहीतर त्रेसष्ट तरी. बाकीचे सगळे आधीच बाद, त्यांना दारातूनच परत. मग असे आकडे मोजून चारशेसुद्धा राहत नाहीत. त्यातले मूळ तेवढे त्याने तपासले.

मी वहीचं पान घेतलं आणि त्या चाळणीतून काय पडतं ते लिहायला लागले. त्रेसष्ट, तो स्वतःच मूळ नाही. दोनशे एकोणपन्नास, तीनने जातो. तीनशे अकरा, हा चालेल. चारशे सत्त्याण्णव साताने जातो, पाचशे एकोणसाठ तेराने, सातशे पंचेचाळीस दिसतोच, आठशे सात, नऊशे त्र्याण्णव, एक हजार पंचावन्न, बाराशे एक्केचाळीस, सगळे फुटतात. पुढचा चालणारा थेट १३०३. मी परत परत मोजलं. म्हणजे ऑयलरच्या हिशोबाने पहिला भागाकार करायचा तोच मुळी तीनशे अकराने. त्याच्या आधीचे सगळे, तेरा, सतरा, तो खूश करून गेलेला एकतीस, रात्री चुकून पहाटे सुधारलेला त्रेचाळीस, सगळे करायचीच गरज नव्हती. आठवड्याचं काम, आणि अण्णा त्या रांगेत उभेच राहिले नव्हते अजून. मला हसू पण येईना आणि रडू पण.

उपयोगाचं म्हणाल तर १८११ साली पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने या आकड्याबद्दल लिहून ठेवलंय. याच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे जिच्या, ती स्वतः सोडून, बाकी सगळ्या भाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते अशी, एकोणीस आकडी, २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लोचं म्हणणं, ही सापडलेली सर्वात मोठी आणि कायम सर्वात मोठीच राहणार, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य, त्यामुळे कोण कशाला पुढची शोधत बसेल. बिचारा. लोक बसले की शोधत. १८७६ मध्ये ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दोनाच्या एकशे सत्ताविसाव्या घातापर्यंत उडी मारली, ३९ आकडी मर्सेन मूळ संख्या, तीही हातानेच. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जी मर्सेन मूळ संख्या सापडली तिच्यात चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस आकडे आहेत, आकडे हं, किंमत नाही. उपयोग तिचा आजही काही नाही. पण आमच्या दहा आकड्यांच्या बाईने मात्र बार्लोला खोटं पाडलं, ती घरोघरी कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसली. २०१४ च्या डिसेंबरात गंगनम स्टाईल या कोरियन गाण्याचा यूट्यूबवरचा व्ह्यूजचा आकडा इथवर येऊन ठेपला आणि त्यांना काउंटरचा डबाच मोठा करावा लागला. जुन्या सिस्टीममध्ये वेळही याच डब्यात मोजतात, १९७० च्या एक जानेवारीपासूनचे सेकंद, आणि तो डबा भरतो १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे मंगळवारी सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला ती घड्याळं १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडतील, अर्थात तोवर बदलली नाहीत तर. अण्णा तेव्हा नव्वदीच्या घरात असतील. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आठ चव्वेचाळीसला? मग चहा झालेला असेल."

डबा भरणं आणि मूळ असणं यांचा तसा काही संबंध नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. ३१ घरं आहेत म्हणून आकडा तेवढा, तो मूळ निघाला हा योगायोग. पण एका ठिकाणी मूळ असण्याचाच उपयोग करून घेतलाय. कॉम्प्युटरला फासे टाकता येत नाहीत, त्यामुळे तो खोटे फासे टाकतो. एक घ्या, १६८०७ ने गुणा, म्हणजे साताचा पाचवा घात, मग या आपल्या आकड्याने भागा आणि बाकी ठेवा. ती बाकी परत १६८०७ ने गुणा. असं करत राहिलं तर एकापासून या आकड्याच्या एक आतपर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा येते, एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही, आणि मग गाडी परत एकवर. आणि आधीच्याकडे बघून पुढचा कुठला हे माणसाला सांगता येत नाही, इतका गोंधळलेला क्रम वाटतो. इतकी स्वच्छ फेरी व्हायला खालचा आकडा मूळच लागतो. हे अण्णांना फार आवडलं असतं. पण हे सांगायचं तर आधी आकडा मूळ आहे हे सांगायला लागलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनीच विचारलं. गॉगल काढून बसले होते, डोळा अजून लालसर, समोरच्या बिल्डिंगचा रंग पिवळा नाही पांढरा आहे हे त्या सकाळीच त्यांना कळलं होतं आणि त्यावर आईशी वाद घालून झाला होता. सत्त्याण्णव झाला होता. बाकी पासष्ट. "कुठपर्यंत जावं लागंल गं?" मी म्हणाले, शेहेचाळीस हजार तीनशे चाळीस. वर्गमुळाचं सांगितलं, ते त्यांना लगेच पटलं, एका पट्टीवर दोघांची वाटणी असली तर एकाची निम्म्याहून कमीच असणार तसंच की हे म्हणाले, ते अगदी तसंच नाही पण मी सोडून दिलं. मग थोडा वेळ गप्प.

"तुला ठाऊक होतं."

मी हो म्हणाले.

"कधीपास्नं?"

"पहिल्या रात्रीपासून."

मला वाटलं आता पुरासारखं होणार, बरं म्हणतील आणि तोंड फिरवतील. आई ओट्यापाशी पाठमोरी, पोळी तव्यावर तशीच. अण्णांनी गॉगल हातात घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला, जो डॉक्टरांनी टिश्यूनेच पुसायला सांगितला होता, आणि म्हणाले, "मला पण एकतीसला वाटलं होतं तसं." म्हणजे काय ते मला कळलं नाही. खरंच वाटलं होतं की नुसतं म्हणाले, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही. मग मी ऑयलरचं सगळं सांगितलं, डोळ्याचं सांगताना जरा आवरतं घेतलं कारण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. चाळणीचं सांगितलं. सत्त्याण्णवपर्यंतचं सगळं वगळता आलं असतं हेही सांगितलं, ते सांगू नये असं वाटत असताना. त्यावर ते खरे चिडले. दोन कोटींवर नाही, माझ्यावर नाही. "मग तीनशे अकराच द्यायचा होता की आधी!"

पुण्याला परत येऊन चार दिवस झाले होते. रात्री साडेनऊला फोन. हॅलो नाही, काही नाही.

"पस्तीस."

मी लॅपटॉपवर बघितलं. पस्तीस बरोबर होते. मग ते म्हणाले की सोसायटीचा नवा मेसेज आलाय, आता स्वतः वाचला, थकबाकी शून्य दाखवतात. मी म्हणाले चला सुटलो. "सुटलो कसले, पार्किंगचे दीडशे आहेत माझ्याकडे, ऑगस्टचे. त्यांनी न बघताच सगळं पुसलंय." मग काय केलं विचारलं तर खाली जाऊन खजिनदाराच्या हातात देऊन आले होते, पावती घेतली होती, पावतीवर तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली होती. आई मागून काहीतरी ओरडत होती, थेंबांचं असणार.

"पुढचा सांग."

"तेराशे तीन."

"मधे कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"थांब मग, पेन घेतो."